पाठीवरचें बिऱ्हाड

‘विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण मराठींत बहुधा थट्टेनें वापरली जाते. वारंवार जागा बदलणाऱ्या, चार भांडीं नि एक वळकटी एवढ्यावर संसार भागविणाऱ्या माणसाला ती लावतात. परंतु म्हणींत आलेला शब्द विचार करण्यासारखा आहे. विंचवाचें ‘घर’ पाठीवर असें कोणी म्हणत नाहीं, बिऱ्हाड म्हणतात. घर म्हणजे जमिनींत पाया असलेलें, सरकारी दप्तरांत क्रमांक असलेलें. बिऱ्हाड म्हणजे चूल, अंथरूण नि मुलेंबाळें. घर जागचें हलत नाहीं. बिऱ्हाड हलतें, आणि हलूनही मोडत नाहीं. मराठी भाषेनें हा भेद केव्हांच ओळखला आहे. इंग्लंड-अमेरिकेच्या कायद्याला मात्र तो उमगण्यास फार सायास पडले, आणि त्याचा निर्णय अद्यापि पुरता झालेला नाहीं. ज्या वस्तूनें या दोन देशांच्या कायद्यास अशा पेचांत टाकलें ती वस्तु मोठी नामांकित नव्हे. ती आहे सेवेंतून काढलेली एक जुनी बसगाडी.

चाकांवर संसार थाटण्याची कल्पना मोटारीहून जुनी आहे. एकोणिसाव्या शतकांत युरोपांतील रोमा लोक घोड्यांनीं ओढलेल्या रंगीत गाड्यांत राहूं लागले. अशा गाडींत लोखंडी शेगडी असे, तिचें धुराडें छपरांतून बाहेर निघे, आणि मागच्या भिंतीशीं निजण्याची जागा केलेली असे. गांवाबाहेर ही गाडी उभी राहिली कीं गांवकऱ्यांच्या कपाळास आठी पडे. त्याच गाडीचें रूप पाहून विल्यम गॉर्डन स्टेबल्स या नौदलांतील निवृत्त डॉक्टरानें १८८५ सालीं ब्रिस्टल येथील कारखान्यांत ‘वाँडरर’ नांवाची एक सुबक गाडी बांधवून घेतली, दोन घोडे जुंपले, आणि इंग्लंडांतून थेट स्कॉटलंडपर्यंत हौसेनें भटकंती केली. तेराशें मैलांच्या या प्रवासाचें वर्णन त्यानें १८८६ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलें, आणि सुशिक्षित समाजाला त्याचें मोठें कौतुक वाटलें. १९०७ सालीं इंग्लंडांत अशा हौशी लोकांचा कॅराव्हॅन क्लब स्थापन झाला. गाडी तीच, रस्ता तोच. परंतु जो माणूस घर सोडून गाडींत बसला तो रसिक ठरला, आणि ज्याला गाडीखेरीज घरच नव्हतें तो संशयित ठरला. पुढील सर्व इतिहासाचें बीज या एका भेदांत आहे.

वापरून टाकलेल्या सार्वजनिक वाहनाचें घर करण्याचा प्रयोग अमेरिकेंत सॅन फ्रॅन्सिस्को शहरीं झाला. तेथें घोड्यांच्या ट्रामगाड्या मागें पडून तारेनें नि विजेनें चालणाऱ्या गाड्या आल्या, तेव्हां जुन्या डब्यांचें काय करावें हा प्रश्न कंपनीपुढें पडला. १८९५ सालीं तिनें ते विक्रीस काढले: आसनांसह डबा २० डॉलर, आसनांवांचून १० डॉलर. लोकांनीं ते समुद्रकांठच्या वाळूवर नेऊन ठेवले. कोणीं दोन डबे जोडून दोन खोल्या केल्या, कोणीं डब्यावर डबा चढवून माडी केली. विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथें अशा डब्यांची एक वस्तीच उभी राहिली आणि ‘कारव्हिल’ या नांवानें ओळखली जाऊं लागली. पुढें त्या भागांत रीतसर घरें उठूं लागल्यावर नव्या रहिवाशांना ही वस्ती डोळ्यांत खुपूं लागली, आणि १९१३ सालच्या ४ जुलैच्या उत्सवांत उरलेल्या डब्यांपैकीं कांहीं समारंभपूर्वक जाळण्यांत आले. डबे जागचे हलत नव्हते. तरीही ते पक्कें घर म्हणून मानले गेले नाहींत.

मोटारबस आल्यावर हाच प्रयोग चाकांसह करणें शक्य झालें. रोज तीस-चाळीस उतारूंचें ओझें वाहण्यासाठीं बसगाडीचा सांगाडा भक्कम केलेला असतो. त्या ओझ्याच्या जागीं पलंग, शेगडी नि पाण्याची टाकी आली तरी तो कुरकुरत नाहीं. आंत उभें राहून चालतां येतें, दोन्ही बाजूंस खिडक्या असतात, आणि सेवेंतून निघाल्यावर गाडीस फारशी किंमत उरत नाहीं. अमेरिकेंत या गोष्टीस आणखी एक कारण घडलें. १९३९ सालीं न्यू यॉर्कमध्यें कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजांत फ्रँक सीर या शिक्षणतज्ज्ञानें शाळेच्या बसगाड्यांविषयीं एक परिषद भरविली. गाडीची लांबी, छताची उंची, मधल्या वाटेची रुंदी वगैरे ४४ प्रमाणें तेथें ठरलीं. शाळेच्या गाडीचा सुप्रसिद्ध पिवळा रंगही त्याच परिषदेचा. हेतु मुलांच्या सुरक्षिततेचा होता. परंतु त्यामुळें एकाच धाटणीच्या, मजबूत गाड्या देशभर हजारोंनीं तयार होऊं लागल्या, आणि कांहीं वर्षांनीं तशाच हजारोंनीं त्या स्वस्तांत विक्रीस निघूं लागल्या.

अशा गाडीचें बिऱ्हाड करण्याची रीत सामान्यतः एकच आहे. प्रथम आसनें काढावयाचीं. त्यांचे बोल्ट वर्षानुवर्षांच्या ओलीनें गंजून पत्र्याशीं एकजीव झालेले असतात, आणि पुष्कळदां ते कापूनच काढावे लागतात. जमिनीवरचें रबर उचललें म्हणजे खालचा गंज दिसतो. तो खरवडून, पत्रा रंगवून, त्यावर लाकडाची नवी जमीन बसवितात. पत्रा उन्हानें तापतो नि थंडीनें गारठतो, आणि निजलेल्या माणसांच्या श्वासाचें पाणी रात्रीं त्यावर नि काचांवर जमतें; म्हणून भिंतींत नि छपरांत उष्णता अडविणारा थर भरावा लागतो. पुढची काळजी वजनाची. टाकी, शेगडी नि फडताळें एकाच बाजूस आलीं तर गाडी कलते. मागच्या चाकांपलीकडे फार भार गेला तर पुढचीं चाकें हलकीं होऊन गाडी नीट वळत नाहीं. धुराडें छपरांतून काढतांना त्याला लाकूड भिडलें तर आगीचें भय. उंच माणसाचें डोकें छतास लागतें, म्हणून कांहीं जण सारें छप्परच कापून वर उचलतात नि मधली फट नव्या पत्र्यानें भरतात. हें सर्व झालें कीं शेवटीं खिडक्यांना पडदे लागतात. तो पडदा ओढला गेला म्हणजे बाहेरच्या जगाला सांगितलें जातें कीं, येथून आंत उतारू नाहींत, कुटुंब आहे.

या जातीच्या गाड्यांत सर्वांत गाजलेली गाडी कादंबरीकार केन केसी याची. ती १९३९ सालीं इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनें बांधलेली शाळेची बसगाडी होती. १९६४ सालीं केसी व त्याच्या मित्रांनीं ती विकत घेतली, भडक रंगांनीं माखली, कपाळावर ‘फर्दर’ म्हणजे ‘आणखी पुढें’ हा शब्द चुकीच्या वर्णांनीं लिहिला, आणि कॅलिफोर्नियाहून न्यू यॉर्कच्या जागतिक प्रदर्शनाकडे कूच केलें. गाडी हांकण्यास नील कॅसडी होता. जॅक केरुअॅकच्या ‘ऑन द रोड’ या १९५७ सालच्या कादंबरींतील नायक त्याच्याच नमुन्यावर रेखाटलेला आहे. त्या प्रवासांत एल.एस.डी. या मादक द्रव्याचा मुक्त वापर झाला, आणि टॉम वुल्फ यानें १९६८ सालीं लिहिलेल्या पुस्तकानें त्याची कीर्ति, किंवा अपकीर्ति, सर्वत्र पसरली. या गोंगाटांत एक गोष्ट मात्र झांकून गेली. त्या गाडीचें बिऱ्हाड केसीनें केलेलें नव्हतें. त्याच्या पूर्वींच्या मालकाला अकरा मुलें होतीं, आणि त्यांना घेऊन सुटींत हिंडण्यासाठीं त्यानेंच तींत निजण्याच्या फळ्या, स्वयंपाकाची जागा नि न्हाणी बसविली होती. त्या गृहस्थाविषयीं कोणीं पुस्तक लिहिलें नाहीं. पुढें रस्त्यावर उभी असलेली रंगविलेली बसगाडी पाहिली कीं लोकांच्या डोळ्यांपुढें केसी उभा राही, अकरा मुलांचा बाप उभा राहत नसे. आणि बसगाडींत राहणाऱ्या पुढच्या पिढीला या समजुतीचें ओझें दीर्घकाळ वाहावें लागलें.

खरें पाहतां त्या पिढींत कुटुंबवत्सल माणसें पुष्कळ होतीं. सॅन फ्रॅन्सिस्को येथें स्टीफन गॅस्किन हा तरुण अध्यापक दर सोमवारीं रात्रीं धर्म नि जीवन यांवर व्याख्यानें देत असे. १९७० सालच्या ऑक्टोबरांत तो देशभर व्याख्यानांस निघाला तेव्हां त्याचे श्रोते जुन्या शाळेच्या गाड्या घेऊन त्याच्या मागोमाग निघाले, आणि पन्नासाहून अधिक वाहनांचा तांडा झाला. त्यांत गर्भवती स्त्रिया होत्या. पहिलें मूल जन्मलें तें इव्हान्स्टन येथें, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या वाहनतळावर, उभ्या बसगाडींत. गॅस्किनची पत्नी आयना मे ही तेव्हांपासून सुईणीचें काम शिकूं लागली. पुढें तिनें लिहिलेल्या १९७५ सालच्या ‘स्पिरिच्युअल मिडवाइफरी’ या पुस्तकानें अमेरिकेंतील घरगुती बाळंतपणाच्या चळवळीस बळ दिलें. १९७१ सालीं या तांड्यानें टेनेसी राज्यांत समरटाउनजवळ सुमारें एक हजार एकर जमीन घेऊन ‘द फार्म’ ही वसाहत वसविली. तेथें पहिलीं कांहीं वर्षें त्याच बसगाड्या घरें म्हणून वापरल्या गेल्या. ज्यांना रस्त्यावरचे भणंग म्हणून लोक हंसत होते त्यांनीं जमीन मिळतांच नांगर धरला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

जमीन मिळाली नाहीं तर काय होतें, हें इंग्लंडांत दिसलें. तेथें १९६० च्या कॅराव्हॅनविषयक कायद्यानें ‘कॅराव्हॅन’ या शब्दाची व्याख्या करतांना, मनुष्यवस्तीसाठीं बांधलेल्या किंवा तदर्थ फेरफार केलेल्या मोटारगाडीचाही तींत समावेश केला. म्हणजे बिऱ्हाड केलेली बसगाडी ही माणसानें राहण्याची वस्तु आहे, हें कायद्यानें मान्य केलें. १९७४ पासून दरवर्षीं जून महिन्यांत स्टोनहेंज येथील प्राचीन शिळांजवळ विनामूल्य संगीतोत्सव भरूं लागला. १९८२ सालीं ब्रिटनमधील बेकारांची संख्या तीस लाखांवर गेली. शहरांत काम नाहीं, भाडें परवडत नाहीं, अशा तरुणांनीं जुन्या बसगाड्या, रुग्णवाहिका, घोडे वाहून नेण्याच्या गाड्या घेऊन त्यांत संसार मांडले, आणि एका उत्सवाहून दुसऱ्या उत्सवास जात ते रस्त्यावरच राहूं लागले. शेतकऱ्यांच्या तक्रारीही निराधार नव्हत्या. न विचारतां शेतांत गाड्या उभ्या राहत, कुंपणें मोडत, मागें घाण उरे. स्टोनहेंजच्या परिसरांतील प्राचीन थडग्यांची नासधूस होते असा इतिहास-संरक्षकांचा आक्षेप होता. १९८५ सालीं उत्सवास मनाई करण्यांत आली आणि न्यायालयाकडून तसा हुकूमही मिळविण्यांत आला.

त्या वर्षीं, इंग्लंडांतील प्रसंगाच्या अवघे एकोणीस दिवस आधीं, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें एक निर्णय दिला. ‘कॅलिफोर्निया विरुद्ध कार्नी’ हा तो खटला. सॅन डिएगो येथें वाहनतळावर उभ्या असलेल्या एका मोटारघरांत अधिकाऱ्यांनीं झडतीचें फर्मान न घेतां प्रवेश केला होता. अमेरिकेंत घराची झडती बहुतेक प्रसंगीं फर्मानावांचून घेतां येत नाहीं. मोटारीची घेतां येते, कारण ती पळून जाऊं शकते. मग हें घर कीं मोटार? १३ मे १९८५ रोजीं सहा विरुद्ध तीन मतांनीं न्यायालयानें सांगितलें कीं, ती मोटार. मुख्य न्यायमूर्ति बर्गर यांचें म्हणणें असें कीं, जी वस्तु किल्ली फिरवितांच रस्त्यावर धांवूं शकते तिला घराचें संरक्षण देतां येत नाहीं. ठोकळ्यांवर चढविलेली, पाणी नि वीज जोडलेली गाडी असती तर गोष्ट कदाचित् निराळी. न्यायमूर्ति स्टीव्हन्स यांनीं विरुद्ध मत लिहिलें. त्यांनीं गाडीच्या आंत पाहिलें: टेबलाभोंवतीं गादीच्या खुर्च्या, सामानाचीं फडताळें, एकावर एक निजण्याच्या जागा, खाण्यापिण्याचे पदार्थ ठेवण्याचें शीतकपाट, आणि खिडक्यांना पडदे. हें सारें असलेली जागा खासगी नव्हे असें कसें म्हणावें, हा त्यांचा प्रश्न होता. बहुमतानें चाकांकडे पाहिलें; अल्पमतानें पडद्याकडे.

१ जून १९८५ रोजीं इंग्लंडांत विल्टशर परगण्यांतून सुमारें १४० गाड्यांचा तांडा स्टोनहेंजकडे निघाला. त्यांत सुमारें सहाशें माणसें होतीं, त्यांत स्त्रिया नि मुलेंही होतीं. स्टोनहेंजपासून सुमारें सात मैलांवर पोलिसांनीं खडीचे ढीग टाकून रस्ता अडविला होता. पोलिसांची संख्या तेराशेंच्या आसपास होती. गाड्या बाजूच्या शेतांत शिरल्या आणि संध्याकाळीं शेजारच्या घेवड्याच्या शेतांत पोलीस त्यांच्यावर तुटून पडले. यावरूनच त्या प्रसंगास ‘बीनफील्डची लढाई’ हें नांव पडलें. दांडक्यांनीं काचा फुटल्या, माणसें रक्तबंबाळ झालीं, बसगाड्यांच्या आंतलें सामान मोडलें. ५३७ लोकांना अटक झाली. आदल्या रात्रीं ज्या उमरावाच्या रानांत तांडा उतरला होता तो अर्ल ऑफ कार्डिगन कुतूहलानें मागोमाग गेला होता. तो स्वतः सनातनी पक्षाचा. पण त्यानें जें पाहिलें तें न्यायालयांत पोलिसांविरुद्ध सांगितलें. १९९१ सालीं २१ जणांना बेकायदा कोंडून ठेवल्याबद्दल नि मालमत्तेच्या नुकसानीबद्दल सुमारें २४,००० पौंड भरपाई मंजूर झाली; परंतु खटल्याचा खर्च न मिळाल्यामुळें ती रक्कम त्यांतच गेली. कोणाचें वाहन मोडलें तर तें दुरुस्त करतां येतें. त्या दिवशीं मोडलेल्या गाडींत ज्यांचें अंथरूण, भांडीं नि मुलांचीं खेळणीं होतीं त्यांना दुसरीकडे रात्र काढण्यास घर नव्हतें.

यानंतर कायद्याची पावलें एकाच दिशेनें पडत गेलीं. १९८६ च्या सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कायद्यानें दुसऱ्याच्या जमिनीवर बारा किंवा अधिक वाहनें आणणाऱ्या लोकांस हुसकण्याचा अधिकार पोलिसांस दिला. १९९४ च्या कायद्यानें ही संख्या बारावरून सहावर आणली, आणि स्थानिक संस्थांनीं जिप्सी लोकांसाठीं उतरण्याच्या जागा राखण्याचें जें बंधन १९६८ पासून होतें तें काढून टाकलें. २०२२ च्या कायद्यानें एकाच वाहनांत, मालकाच्या संमतीवांचून, राहणाऱ्या माणसासही विशिष्ट परिस्थितींत गुन्हेगार ठरविण्याची आणि तें वाहन जप्त करण्याची सोय केली. बारा, सहा, एक: अशी ही उतरंड आहे. १९९४ च्या कायद्यांतील एक बारकावा तर विशेष बोलका आहे. ‘वाहन’ या शब्दांत कोणकोणत्या वस्तु येतात हें सांगतांना त्या कायद्यानें १९६० च्या व्याख्येचाच हवाला दिला. राहण्याची वस्तु म्हणून ज्या वाक्यानें बसगाडीस मान्यता मिळाली होती, तेंच वाक्य चौतीस वर्षांनीं तिला हुसकण्याच्या कामीं आलें.

हा संशय मराठी श्रोत्याला परका नाहीं. ब्रिटिश सरकारनें १८७१ सालीं हिंदुस्थानांत गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९११ सालच्या नव्या कायद्यानें तो मुंबई इलाख्यांतही पोंचला, आणि कित्येक भटक्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसला. सोलापूरच्या ‘सेटलमेंट’ची आठवण अजून बुजलेली नाहीं. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो कायदा देशांतून गेला. ज्याचा पत्ता ठरलेला नाहीं त्याचा हेतु वाईट असला पाहिजे, हा विचार मात्र एका देशाचा वा एका काळाचा नाहीं.

इंग्लंडच्या वाहन-नोंदणी कार्यालयाचे नियम पाहिले म्हणजे मात्र थोडें हंसूं येतें. जुन्या गाडीची नोंद मोटारघर म्हणून बदलून हवी असेल तर आंत सहा फूट लांबीचा बिछाना हवा, बसून जेवण्याची जागा हवी, पक्कें बसविलेलें फडताळ हवें, एक खिडकी हवी, आणि जागच्या जागीं पक्की केलेली चूल हवी. थोडक्यांत, जें मराठींत बिऱ्हाडाचें लक्षण तेंच या कार्यालयानेंही शोधून काढलें. परंतु २०१९ सालीं त्यानें आणखी एक दंडक घातला: आंत सर्व कांहीं असलें तरी, रहदारींत बाहेरून पाहणाऱ्याला ती गाडी मोटारघरासारखी दिसली पाहिजे. आंतली चूल पुरेशी नाहीं. शेजाऱ्याच्या नजरेनेंही कौल द्यावा लागतो.

गॉर्डन स्टेबल्सच्या सुबक गाडीला तो कौल लगेच मिळाला, रोमा कुटुंबाच्या गाडीला मिळाला नाहीं, हें १८८५ सालचें चित्र शंभर वर्षांनीं शेतांत फुटलेल्या काचांतही तसेंच दिसत होतें. शेतकऱ्याचें पीक तुडविलें जाऊं नये हें खरें, आणि प्राचीन शिळांचें रक्षण व्हावें हेंही खरें. त्यासाठीं उतरण्याच्या जागा, पाणी नि नियम लागतात. परंतु जुन्या बसगाडीच्या खिडकीला जेव्हां पडदा लागतो नि आंत शेगडी पेटते, तेव्हां तेथें एक बिऱ्हाड उभें राहिलेलें असतें. तें रस्त्यावर आहे एवढ्याच कारणानें त्याचा उंबरठा नाहींसा होत नाहीं. आणि उंबरठा ओलांडण्यापूर्वीं बाहेरून हांक मारावी, ही रीत गरिबाच्या दाराशींही पाळली जात आली आहे.